रस्त्यापलीकडचं ऊन

अमेरिकेहून परतले तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, गोल्डन गेट पूल पाहिला, तोही अर्धाच. उरलेला धुक्यात होता. डिस्नेलँड नाही, नायगारा नाही. अडीच महिन्यांतले बहुतेक शनिवार एका जपानी मिठाईच्या दुकानात गेले, असं सांगितल्यावर शेजारच्या दामलेकाकू म्हणाल्या, "अगं, मिठाई तर कोपऱ्यावरही मिळते. त्यासाठी अमेरिका कशाला?" जिन्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येईना. म्हणून आता बसून लिहिते आहे.

फ्रीमाँट

मी जपानीची भाषांतरकार. विशीत पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले आणि मग तीच भाकरी झाली. २००५ च्या ऑक्टोबरात कंपनीनं मला कॅलिफोर्नियात एका क्लायंटकडे पाठवलं. ओसाकाहून येणारे जपानी कागद इंग्रजीत करून इंजिनिअर लोकांना द्यायचे, हे काम. दिवसभर जपानी वाचायचं आणि बोलायचं मात्र कुणाशीच नाही.

राहायला फ्रीमाँटमध्ये एका लांबलचक हॉटेलातली खोली दिली होती. एक शेगडी, एक फ्रिज, एक खिडकी, खाली गाड्यांचा तळ. मला गाडी चालवता येत नाही आणि तिकडे गाडीशिवाय माणूस म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. फुटपाथ सुंदर, रुंद, धुतल्यासारखे स्वच्छ, आणि त्यावर मी एकटी. समोरून कुणी आलंच तर कुत्र्याला फिरवणारं. ते "हाय" म्हणून पुढे जायचं आणि मी "हाय" म्हणेपर्यंत लांब गेलेलं असायचं. शुक्रवारी संध्याकाळी खोलीत शिरले की सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसे. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना आवाज घोगरा निघायचा. घसा बसलेला नव्हता, नुसता वापरात नव्हता. फोनकार्डावर नागपूरला भावाला फोन करायचे, तर तो म्हणायचा, "सगळं ठीक ना? मग ठेव, उगाच कार्ड संपेल." आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. ती असती तर कार्ड संपलं असतं.

रोज ऑफिसला नेण्या-आणण्याचं काम नितीनकडे होतं. हा नागपूरचा, तिशीतला, आमच्याच कंपनीचा. त्यानंच एकदा विचारलं, "ताई, वीकेंडला तुम्ही करता काय? बोअर नाही होत यार?"

"होते."

"मग सॅन होजेला जपानटाउन आहे ना! तुमचाच एरिया. मी बसस्टॉपवर ड्रॉप करतो."

सॅन होजे, जपानटाउन

पहिल्याच दिवशी मी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. कळेपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते. परत फिरून, बस बदलून, पुढे लाइट रेलनं जपानटाउन गाठलं तेव्हा दुपार कलली होती. टाउन म्हणजे दोन-तीन रस्ते. बैठी दुकानं, एक बौद्ध मंदिर, आणि घरांच्या अंगणात केशरी फळांनी लगडलेली झाडं. ती काकीची, म्हणजे जपानी पर्सिमनची झाडं, आपल्या टेंभुर्णीच्या गोतातली. पानं गळायला लागलेली, मधून फळं लटकलेली. कामासाठी केलेल्या जपानच्या दोन दौऱ्यांत मला मिटिंगच्या खोल्यांपलीकडे काही दिसलं नव्हतं. इथे ती झाडं बघत मी उगाच उभी राहिले.

मिठाईचं दुकान एका खोलीएवढं. काचेच्या कपाटात लाकडी तबकं मांडलेली आणि सगळी रिकामी. पांढरा ॲप्रन बांधलेला पन्नाशी उलटलेला माणूस ती पुसत होता. मी बसमध्ये मनात घोळवलेलं वाक्य अगदी शिष्टाचाराच्या जपानीत म्हटलं, "क्षमा असावी, दुकान अजून उघडं आहे का?"

त्यानं दोन्ही हात वर केले. "सॉरी, मॅम. माझं जपानी म्हणजे मिठाईची नावं आणि आईच्या शिव्या. बाकी काही येत नाही." इंग्रजी ठार अमेरिकन. "आणि माल संपला. शनिवारी बारालाच संपतो."

एवढ्या बसगाड्या बदलून आल्यावर रिकामी तबकं बघून मला भर दुकानात रडू येईल की काय असं वाटलं. तेवढ्यात आतल्या पडद्यापाशी हालचाल झाली. तिथे खुर्चीत, जाड कापसाचं जाकीट घातलेल्या एक लहानखुऱ्या आजी बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कुठली ग तू?" त्यांनी जपानीत विचारलं. बोली दक्षिणेकडची, कुमामोतोच्या खेड्यातली, हे मला मागाहून कळलं. शाळेत शिकून मराठी बोलणाऱ्या परदेशी माणसाला एकदम मालवणी ऐकवावी, तशी माझी गत झाली. अर्धं कळत होतं, अर्धं चेहऱ्यावरून. त्यांचं बोलणं माझ्या कानाला लागलं तसंच इथे लिहिते.

"भारतातली. पुण्याची."

"लांबनं आलीस. भात खातात का तिकडं?"

"खातात. रोज."

"मग बरं हाय," आजी म्हणाल्या आणि निश्चिंत झाल्या.

दुकानदाराच्या हातातलं फडकं थांबलं होतं. "काय म्हणाली ती?"

"विचारलं, तुमच्याकडे भात खातात का."

"भात?" त्यानं तो शब्द पुन्हा एकदा, हळू उच्चारला. मग दाराला बंदची पाटी लावून मला स्टूल दिलं.

त्याचं नाव केन. आई फुमिको. लग्न करून ती जपानहून इथे आली, सासऱ्याच्या दुकानात उभी राहिली, नवऱ्याच्या माघारीही राहिली. आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि हातासोबत तिचं इंग्रजीही गेलं. उरली ती माहेरची बोली. केनला ती येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतरचे दिवस होते, जपानी म्हटलं की लोक संशयानं बघत; वडिलांचा घरात नियम होता, मुलांनी फक्त इंग्रजी बोलायचं. "अमेरिकन व्हा म्हणाले," केन म्हणाला. "झालो."

"पण इथे जपानी बोलणारे कितीतरी येत असतील?"

"येतात. पण गिऱ्हाइकांशी ती घरचं बोलत नाही, पहिल्यापासूनच. मंदिरातले भिक्षू येतात, त्यांना सांगते, सगळं छान आहे, कृपा आहे. तेवढंच ते मला इंग्रजीत सांगतात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याशी का बोलली कुणास ठाऊक."

मी ना गिऱ्हाईक होते, कारण विकायला काही उरलं नव्हतं, ना भिक्षू, ना त्यांच्या गल्लीतली. असं बिनहिशेबी माणूस बोलायला बरं असतं, ते मला त्या महिन्यात पुरतं कळलं होतं.

निघताना केननं काठ तुटलेल्या चार मिठाया कागदात बांधून दिल्या. मी त्यातल्या दोन बसमध्ये खाल्ल्या. बाहेर तांदळाच्या पिठाचं मऊ, चिकट कवच, जणू मोदकाची उकड, पण चघळावी लागणारी. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण, थेट पुरण. फक्त वेलची नाही, जायफळ नाही. पहिल्या घासाला काहीतरी राहिलंय असं वाटतं, तिसऱ्या घासाला काहीच राहिलेलं नाही असं. उरलेल्या दोन मी आपल्या सवयीनं फ्रिजमध्ये ठेवल्या. सोमवारी त्यांचे दगड झाले होते.

पुढचे शनिवार

मग मी दर शनिवारी जाऊ लागले. सकाळची बस धरायची, योग्य दिशेची. केन फ्रिजची गोष्ट ऐकून हसला, म्हणाला, "मोची म्हणजे आजच्या दिवसाची वस्तू. उद्यासाठी ठेवायची नाही." मागच्या खोलीत मोठ्या पातेल्यात सारण रटरटत असे आणि तो लाकडी उलथन्यानं तळ खरवडत असे. पुरण लागू नये म्हणून आपण जे करतो, नेमकं तेच. मी आजींच्या शेजारी स्टूल घ्यायचे. गिऱ्हाईक आलं की त्या गप्प व्हायच्या, गेलं की सुरू. त्यांच्या गावच्या नदीबद्दल, सासूबद्दल, जहाजात लागलेल्या उलट्यांबद्दल. आणि केनबद्दल. त्याला त्या कधी नावानं हाक मारत नसत. "हा" म्हणायच्या. "हा सारणात साखर जास्त टाकतो. सांग त्याला."

मी सांगितलं. केन ओरडला, "तीस वर्षं मी हेच प्रमाण वापरतोय!"

"तीस वर्षं जास्तच टाकतोय म्हणावं," आजी म्हणाल्या.

तेही मी सांगितलं. केन हसत हसत पातेल्यापाशी गेला आणि पाठ वळवून बराच वेळ ढवळत राहिला.

मधे दिवाळी आली. नितीनच्या घरी पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा; मी मोचीचा गुलाबी खोका घेऊन गेले. टाउनहाउसच्या दारात विजेच्या पणत्या, आत पंचवीस-तीस माणसं, चकल्यांचा ढीग. "यात एग आहे का?" एकीनं विचारलं. "बीन्स? स्वीटमध्ये?" दुसरी म्हणाली. नितीनची मुलगी सानिका हिनं एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "इट्स लाइक अ पिलो!" तिच्या आईनं "मराठीत सांग मावशीला" म्हटल्यावर तिनं विचार केला आणि आणखी एक उचलली. छान माणसं होती सगळी. पण बोलणं घरांच्या किमती, ग्रीन कार्ड आणि शाळा यांच्यावरून फिरून माझ्यापाशी आलं की तोच प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" मिस्टर कुठेच नसतात म्हटलं की समोरचीचा चेहरा गोंधळायचा आणि ती माझ्या ताटात आणखी एक चकली वाढायची. त्या रात्री पोट फार भरलं.

एक शब्द

नोव्हेंबर संपत आला होता. दुपारी माझा खोका बांधता बांधता केननं विचारलं, "एक विचारू? रोज चार वाजत आले की आई एक शब्द म्हणते. मुकाइ. तो मला ठाऊक आहे. लहानपणी समोरच्या घरातल्या बाईंना ती 'मुकाइच्या बाई' म्हणायची. मुकाइ म्हणजे समोर, पलीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणून मी तिला रोज रस्त्यापलीकडे नेतो. न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथे बसवतो. तिला तेच हवं असतं ना?"

"असेल," मी म्हटलं.

त्या दिवशी मी चार वाजेपर्यंत थांबले. आजी खुर्चीत चुळबुळल्या, उजव्या हातानं जाकीट सारखं केलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. शब्द मुकाइ नव्हता. ओमुकाए होता. आदराचा 'ओ' सोडला तर एका स्वराचा फरक.

ओमुकाए म्हणजे न्यायला येणं. शाळा सुटल्यावर आई मुलाला आणायला जाते ते ओमुकाए. पण म्हातारं माणूस जेव्हा म्हणतं, "ओमुकाए अजून नाही का?", तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. आपल्याकडेही म्हणतात, बोलावणं कसं येईना.

केननं ॲप्रन काढला, आईच्या डोक्यावर लोकरीची टोपी घातली, हात पुढे केला. "चल मॉम, मुकाइ, मुकाइ." आजी उठल्या. दोघं पावलापावलानं रस्ता ओलांडू लागले, गाड्या थांबल्या. मी खोका घेऊन मागून गेले. दुकानाची बाजू केव्हाच सावलीत गेली होती, पण पलीकडच्या बाकावर ऊन होतं. केननं आईला बसवलं आणि दारात गिऱ्हाईक दिसलं म्हणून तो परत धावला.

मी शेजारी बसले. विचारू की नको करत विचारलंच. "आजी, कोण येणार आहे न्यायला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कळतंय की तुला."

"हो."

"रोज वाट बघते. म्हणते, आज येईल. बसून बसून कंटाळा आला बाई." मग त्यांनी चेहरा उन्हाकडे केला. "पण चार वाजले की हा मला इकडं आणतो. टोपी घालतो, हात धरतो. बघ ऊन कसं हाय. मग वाटतं, एवढं आणलंय त्यानं, तर आज नको. उद्या आलं तरी चालंल."

त्या दिवशी केनशी बोलणं झालं नाही. दुकानात नव्या वर्षाच्या ऑर्डरी देणाऱ्यांची रांग होती आणि माझी बस होती. आठवडाभर ते वाक्य माझ्यासोबत राहिलं. जे लिहिलंय ते उतरवायचं, ही माझ्या धंद्याची सवय. पण कागदाला मुलगा नसतो. सोमवारी फ्रीवेवर मी नितीनला सगळं सांगितलं.

"सोडा ना ताई, फॅमिली मॅटर आहे," तो म्हणाला. मग लेन बदलता बदलता पुन्हा बोलला. "माझी आई दर रविवारी फोनवर म्हणते, 'आमचं मस्त चाललंय, तू काळजी करू नको.' आम्ही मराठीतच बोलतो, तरी ती खरं काय म्हणते ते मला कळत नाही यार. कुणी ट्रान्सलेट करून दिलं, तर मला हवंय."

पुढचा शनिवार

दुकान रिकामं झाल्यावर मी केनला सांगितलं. आधी शब्द, मग बाकावरचं बोलणं, जसंच्या तसं. तो साखरेच्या उपड्या बादलीवर बसला.

"म्हणजे वर्षभर ती म्हणतेय, मला न्या," तो सावकाश म्हणाला, "आणि मी तिला रस्ता ओलांडून देतोय."

"आणि त्यापायी त्या रोज उद्यावर ढकलतायत."

त्यानं दोन्ही पिठाळ हात गुडघ्यांवर ठेवले होते. पडद्यापलीकडे आजी डुलकी घेत होत्या. मला वाटलं, आता मी इथे आहेच, तर मदत करावी. म्हटलं, "तुम्हाला त्या ओळखतात का, ते विचारू? त्या नेहमी 'हा' म्हणतात, म्हणून."

"नको." तो इतक्या झटकन म्हणाला की मी दचकले. मग हळू, "ते नको. एवढं पुरे."

तो उठला, हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली. चार वाजायला अजून वेळ होता. "आज जरा लवकर जाऊ," म्हणाला. "ऊन लवकर जातं हल्ली."

शेवटचा शनिवार

डिसेंबरात जपानटाउन गजबजलं. नव्या वर्षासाठी मोची नेणाऱ्यांची रीघ लागली, तबकं भरायच्या आत रिकामी होत. माझं काम संपलं होतं, मंगळवारचं विमान होतं. निरोप घ्यायला गेले तेव्हा माल संपवून केन आईला पलीकडे घेऊन आलाच होता. आजी बाकावर घोंगडी पांघरून बसल्या होत्या. ऊन आता फक्त गुडघ्यापर्यंत येत होतं. केन आम्हा दोघींसाठी चहा आणायला गेला.

"जाणार म्हणं तू," आजी म्हणाल्या.

"हो, मंगळवारी."

"तिकडं न्यायला कोण येणार?"

त्यांना पुण्याचं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "कुणी नाही. टॅक्सी मिळते."

"घरात कोण हाय?"

"आता कुणी नाही. आई होती."

त्यांनी उजव्या हातानं घोंगडी सारखी केली. "आन् आत्ता? इथनं कशी जाणार?"

"बसनं. नेहमीसारखी."

केन कागदी पेले घेऊन आला. आजींनी मान वर केली आणि थेट त्याला उद्देशून एक आख्खं वाक्य म्हटलं. मी तिथे असताना असं कधी झालं नव्हतं. मग माझ्याकडे वळल्या. "सांग त्याला."

वाक्य असं होतं, "हिला घरी सोड. हिला न्यायला कुणी नाही."

केन पेले धरून उभा होता, डोळे माझ्या तोंडाकडे. इतकी वर्षं मी लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेली, स्वतःबद्दलचं कधी न्यावं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "विशेष काही नाही. प्रवास नीट होऊ दे म्हणतायत."

"ओह," केन म्हणाला. "हो, नक्कीच. सेफ ट्रिप."

आजी वाट पाहत होत्या. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग हा हलत का नाही?"

मला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. केन म्हणाला, "काय? काय झालं?" मग मी खरं ते सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानं पेले बाकावर ठेवले आणि खिशात किल्ल्या चाचपल्या.

गाडी डिलिव्हरीची, तांदळाच्या पिठाच्या वासाची. आजी पुढे, मांडीवर माझ्यासाठीचा गुलाबी खोका घेऊन. मी मागे, तबकांच्या चळतींना हातानं धरून. बाहेर अंधारून आलं होतं. फ्रीवेवर पुढे लाल दिव्यांची आणि समोरून पांढऱ्या दिव्यांची रांग लागली होती. आजी कितीतरी महिन्यांनी एवढ्या लांब आल्या होत्या. वाटभर त्या काचेला नाक लावून बसल्या.

हॉटेलच्या आवारात केननं गाडी थांबवली. वर एकसारख्या खोल्यांची ओळ होती.

"तुझी कुठली?" आजींनी विचारलं.

"ती वरची. दिवा नाही ती."

त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "जा. लाव दिवा."

केननं माझा हात हातात घेतला आणि मान हलवली. मी जिना चढले, कुलूप काढलं, दिवा लावला आणि खिडकीशी आले. गाडी तिथेच होती, इंजिन चालू. पुढच्या काचेआड आजींचा उजवा हात वर झाला. निरोपाचा नव्हता तो हात. आत हो, आत हो, जेवून घे, असा हलत होता.

मी पडदा सरकवला, त्यानंतरच गाडी निघाल्याचा आवाज आला.